तुम्ही मिशी ठेवलीत तेव्हा

अण्णा, काल आपल्या मंडळाचे चिटणीस घरी येऊन गेले. चाळिशीचा माणूस. भोसरीला स्वतःचं वर्कशॉप आहे, तरी एक तालीम चुकवत नाही म्हणाला. मंडळाला पंचाहत्तर वर्षं होतात, स्मरणिका काढतोय, तुमच्या वडिलांवर दोन पानं लिहून द्या, असं त्याचं म्हणणं. इथवर ठीक होतं. मी चहा ठेवायला उठले तर मागून म्हणतो कसा, "आणि आजी, तो किस्सा घालाच हां. पोरीचं काम चांगलं होतंय हे न बघवून त्यांनी विंगेतून मोठ्यानं वाक्य ठोकून दिलं, तो. आमच्यात लई फेमस आहे. नवीन पोरं आली की पहिल्या दिवशी तोच सांगतो आम्ही." मी गॅस पेटवला, बंद केला, परत पेटवला. साखर घातली की नाही ते आठवेना म्हणून पुन्हा घातली. त्यानं बिचाऱ्यानं तो गोडमिट्ट चहा मुकाट्यानं संपवला.

तो गेल्यापासून जिवाला चैन नाही. आज सकाळपासून तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. एकदा दळण आणायचं आठवलं, एकदा गॅलरीतलं वाळवण. एकदा काहीच नव्हतं, नुसतीच उठले आणि डांगे चौकाकडची वाहनं बघत उभी राहिले. लिहायचं होतं स्मरणिकेला, आणि कागदावर पहिला शब्द पडला तो 'अण्णा'. मग म्हटलं, असू दे. तुम्ही त्रेपन्नाव्या वर्षी गेलात, आता मी तुमच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठी आहे. या वयात तुम्हाला घाबरून कसं चालेल? पण घाबरते आहे, हे खरं. तुम्ही मुद्दाम केलं नाहीत, हे त्या दिवशी त्या अख्ख्या शेडमध्ये फक्त दोघांना माहीत होतं, तुम्हाला आणि मला. तुम्ही बोलला नाहीत. मी तर नाहीच नाही. आणि साठ वर्षं झाली, लोक अजून हसतायत.

मला सगळ्यात आधी तुमची मिशी आठवते. म्हणजे नसलेली मिशी. गावात बाप्याच्या तोंडावर मिशी नाही म्हणजे त्याचा बाप वारला, एवढाच अर्थ असायचा, आणि तुमचे वडील तर ओट्यावर धडधाकट बसलेले असायचे. स्त्री पार्ट करायचा म्हणून तुम्ही पहिल्यांदा मिशी उतरवलीत त्या दिवशी आजा म्हणाला होता, "मी जिता हाय आन् ह्यानं माजं सुतक धरलं!" त्यानंतर पंधरा वर्षं तो तुमच्याशी धड बोलला नाही. काही सांगायचं झालं तर आईला सांगायचा, तेही भिंतीकडं बघून, "त्या बाईला म्हनावं, बैल पान्यावर न्यायचं हायेत." आई पदरात तोंड खुपसून हसायची. तुम्हीही हसायचा आणि बैल घेऊन घाटावर जायचा.

आता वाटतं, तुम्हाला ते सोसवत कसं होतं? दिवसभर शेतात, पुढं कारखाना आल्यावर बॉयलरवर. हातावर वाफेनं पोळल्याचे डाग. प्रयोगाच्या आदल्या दिवशी तुम्ही परसात बसून कोपरापर्यंतचे केस वस्तऱ्यानं काढायचा आणि मग लिंबाच्या साली हातावर चोळायचा. भाजलेल्या जागी लिंबू झोंबलं की तोंडातून शिवी यायची, आणि ती यायची अस्सल गावरान. त्याच तोंडातून दुसऱ्या दिवशी असं शुद्ध, असं मऊ मराठी बाहेर पडायचं की चिंचवडातल्या बायका म्हणायच्या, आमच्या सुनांना यांच्याकडं शिकवणीला पाठवा. मला तेव्हा तुमचा अभिमान वाटायचा आणि लाजही वाटायची. दोन्ही एकाच वेळी, आणि मी कोणतीच कोणाला सांगत नसे.

मग औषधाच्या कारखान्यात ते साहेब आले, पुण्याहून. प्रयोगशाळेत होते, चष्मेवाले, आवाज कधी न चढवणारे. नाटकाचं वेड म्हणून आपल्या मंडळात आले आणि सहा महिन्यांत सगळ्यांचे दिग्दर्शक झाले. कॅन्टीनची शेड तालमीला मिळाली ती त्यांच्याच शब्दावर. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "यापुढे आपल्याकडे बायकांची कामं बायका करतील." सगळे तुमच्याकडं बघायला लागले. कुणीतरी खोकलं. कुणीतरी म्हणालं, "साहेब, पर गावातली कोन आपली पोरगी स्टेजवर धाडंल?" तेव्हा तुम्ही मांडी मोडून उठलात आणि म्हणालात, "माजी देतो." हे मला दुसऱ्या दिवशी बाटल्या भरायच्या खात्यात कळलं. डोक्याला पांढरा रुमाल बांधून मी रांगेत उभी होते आणि शेजारची म्हणाली, "अगं, तुझ्या बापानं त्याची गादी तुला दिली म्हणे." माझ्या हातातून बाटली निसटली. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते.

आपल्या स्वयंपाकघरातल्या त्या तालमी आठवतात का? आई भाकऱ्या थापतेय, आणि चुलीपासून माठापर्यंत सात पावलांच्या जागेत तुम्ही मला चालायला शिकवताय. "आगं, धावतीस काय म्हशीवानी? पदराचं वजन हाय खांद्यावर, ते इसरू नगं." तुम्ही धोतराचा सोगा खांद्यावर टाकून चालून दाखवता. खांदा किंचित खाली जातो, मान वळते, आणि माझ्या डोळ्यांदेखत तुमची बाई होते. आई तव्यावरची भाकरी तशीच ठेवून म्हणते, "कुनाचं बगून शिकलासा ह्ये?" तुम्ही म्हणता, "तुजं." आई म्हणते, "मी मेली कवा आशी चालली? मला येळ हाय का यवढा?" आपण तिघं इतकं हसतो की भाकरी करपते. करपलेली तुम्ही घेता. मी तुमच्यासारखं चालून बघते, आणि माझी मात्र होते तुमची नक्कल करणारी मुलगी.

हेच मला डाचायचं, अण्णा. मी खरी बाई, आणि बाई होण्यात तुम्ही माझ्या दहा पावलं पुढं. तालमीला गेले तर मंडळातली जुनी माणसं म्हणायची, "चांगलं करतीस गं. पर अण्णांचा हात न्हाई त्याला." साहेब एकटेच म्हणायचे की अण्णांसारखं करू नकोस, तुझ्यासारखं कर. माझ्यासारखं म्हणजे कसं, हे मला माहीत नव्हतं, पण ऐकायला फार गोड वाटायचं.

तुम्ही प्रॉम्प्टर झालात. आपणहून मागून घेतलंत ते काम. नाटकाची वही लाल फडक्यात बांधून ठेवायचा आणि पाळीवरसुद्धा बरोबर न्यायचा. विंगेत कॅन्टीनच्या खोक्यावर बसायचा, आणि नट अडला की नेमके पहिले दोन शब्द त्याच्या कानापुरते पोचवायचा. पहिल्या रांगेला पत्ता लागत नसे. तुम्ही म्हणायचा, "रंगभूमीवर गप बसनं म्हंजी मरन. नट गप झाला की प्रॉम्प्टरनं त्याला जिता करायचा." जुन्या नाटकांत ते खरंच होतं. तिथं कुणी गप्प बसलं म्हणजे विसरलं, दुसरा अर्थच नव्हता.

आणि साहेबांनी नेमकी ती गप्प बसण्याची जागा काढली. तिसऱ्या अंकात घर सोडून गेलेला नवरा बारा वर्षांनी दारात येऊन उभा राहतो. तुमच्या पद्धतीनं तिथं बाईनं हंबरडा फोडायचा. साहेब म्हणाले, नाही. तिनं नुसतं बघायचं. मनात दहा आकडे मोजायचे, आणि मग रोजच्या आवाजात म्हणायचं, "पाय धुऊन घ्या, पान वाढते." पहिल्यांदा तसं केलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. ती जागा माझी होती. तिथं तुमची चाल नव्हती, तुमचा आवाज नव्हता, तुमचं काहीच नव्हतं. प्रयोगाला तीन दिवस उरले होते आणि आठवडाभर तुमची दुसरी पाळी होती, म्हणून तालमीला तुम्ही नव्हता. साहेबांनी चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली, "उद्या डबा द्यायला जाशील तेव्हा वडिलांना दे, वहीत चिकटवायला सांग." चिठ्ठीत लिहिलं होतं, 'अंक तिसरा. नवरा दारात. इथे ती दहा आकडे गप्प. सांगू नये.' ती चिठ्ठी तुमच्यापर्यंत पोचली नाही. कामाच्या गडबडीत मी द्यायची विसरले.

उठून पाणी पिऊन आले. असो, पुढचं लिहिते.

रविवारी दुपारी चारचा प्रयोग. पत्र्याची शेड तापलेली, बाकांवर माणूस मावत नव्हता, पिंपरीच्या कॅम्पातली सिंधी मंडळीसुद्धा आली होती. तुम्ही त्या दिवसापुरती सकाळची पाळी मागून घेतली होतीत; तीतून सुटून दोन घास खाल्लेत आणि थेट विंगेत येऊन बसलात. पहिले दोन अंक बरे झाले. तिसऱ्यात दार उघडलं, नवरा उभा. मी बघतेय. शेड चिडीचूप. एक, दोन, तीन. चारला तुमची कुजबुज आली, "पाय धुऊन..." मी हलले नाही. पाच, सहा. परत आली, जरा मोठी. मला विंगेतले तुमचे डोळे दिसत होते. तुमची पोर स्टेजवर मरत होती आणि तुम्ही तिला जिती करायला धडपडत होता. सात, आठ, नऊ. मी तोंड उघडलं, आणि त्याच क्षणाला तुम्ही धीर सोडून, तुमच्या त्या जुन्या, गोड, शेवटच्या बाकापर्यंत जाणाऱ्या बायकी आवाजात म्हणालात, "पाय धुऊन घ्या, पान वाढते!" तोंड माझं उघडलं आणि आवाज तुमचा आला. एक क्षण कुणाला काही कळलं नाही. मग मागून कुणीतरी ओरडलं, "आल्या, आल्या, खऱ्या बाई आल्या!" आणि शेड जी हसायला लागली ती थांबेचना. दारातला नवरासुद्धा पाठ फिरवून खांदे उडवत होता. मग टाळ्या. त्या तुम्हाला होत्या. मी तशीच उभी.

भाजी चिरायच्या खोलीत आमची रंगभूषा होती. प्रयोग संपल्यावर सगळे तिथं गोळा झाले. साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता, तरी आवाज चढला नाही. मला म्हणाले, "चिठ्ठी दिली होतीस ना?" तुम्ही दारात उभे होता, लाल फडकं खांद्यावर, वही छातीशी धरून. मी तुमच्याकडं न बघता म्हणाले, "दिली होती." एवढंच. दोन शब्द. मग मात्र बघितलं. तुम्ही माझ्याकडं बघत होता, आणि तुमच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कोणती चिठ्ठी, हे तुम्हाला ठाऊकसुद्धा नव्हतं. तरी तुम्ही म्हणालात, "व्हय साहेब, दिली व्हती तिनं. माज्याच ध्यानात ऱ्हायली न्हाई." कोपऱ्यातून कुणीतरी पुटपुटलं, "ध्यानात न्हाई? का बघवलं न्हाई?" तुम्ही ऐकलंत. सगळ्यांनीच ऐकलं. तुम्ही वही टेबलावर, चिरलेल्या कांद्यांच्या सालींशेजारी ठेवलीत आणि निघून गेलात. ते लाल फडकं तेवढं खांद्यावर राहिलं होतं.

घरी आले तर तुम्ही हातपाय धुऊन आईशी चाकणच्या कांद्याचा भाव बोलत बसला होता. मी वाट बघत होते की आता विचाराल, मग विचाराल. जेवताना विचाराल. दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाताना विचाराल. तुम्ही विचारलंच नाहीत. फक्त दाढी करताना वरच्या ओठावरून वस्तरा फिरवायचं सोडून दिलंत. आठ दिवसांत काळं-पांढरं खुरटं दिसायला लागलं, महिन्याभरात मिशी झाली. चहा प्यायलात की तिला थेंब लागायचा आणि पुसायची सवय नसल्यानं तसाच राहायचा. आजाला काय आनंद! ओट्यावर सरकून त्यानं तुम्हाला शेजारी जागा दिली, पंधरा वर्षांनी. "आता माजा ल्योक दिसतूया," म्हणाला आणि तंबाखूची चंची तुमच्यापुढं केली. तुम्ही चिमूट घेतलीत. मी उंबऱ्यात उभी होते. तुम्ही माझ्याकडं बघून हसलात, आणि मिशीमुळं मला ते हसू नीट दिसलं नाही.

मंडळात तुम्ही परत पाऊल टाकलं नाहीत. मी टाकलं, अण्णा. चार नाटकं केली. बक्षीससुद्धा मिळालं एकदा, पितळेचा पेला, तो तुम्ही देवाजवळ ठेवलात. लोक म्हणायचे, बापापेक्षा सरस निघाली, म्हणून तर म्हाताऱ्याच्या पोटात दुखलं. हे मी ऐकायची आणि टोप नीट करत बसायची. लग्न झालं, नाटक सुटलं. तुम्ही गेलात तेव्हा मंडळाची माणसं आली होती, हार घेऊन. घाटावरून परत येताना दोघं मागं बोलत चालले होते आणि त्यातला एक तुमच्या आवाजाची नक्कल करत होता, हळू, अगदी हळू. वाईट हेतूनं नव्हे, आठवण म्हणूनच. माझा धाकटा भाऊ पुढं चालत होता, मिशी उतरवलेला, आणि पाठमोरा थेट तुम्ही दिसत होता.

आता ते मघाचं वाक्य. 'विसरले' असं वर लिहिलंय ते खोडावं म्हणून पेन्सिल हातात घेतली आणि ठेवून दिली. राहू दे, खाली खरं लिहिते.

मी चिठ्ठी घेऊन आले होते. बॉयलरच्या दारात तुम्ही डबा घेतलात, चिंध्यांच्या बोळ्यानं हात पुसलेत, आणि विचारलंत, "त्या दाराच्या जागी रडतीस का न्हाई नीट?" मी म्हणाले, "अण्णा, तिथं रडायचं नाही, साहेबांनी..." तुम्ही पुरतं ऐकूनच घेतलं नाहीत. "साहेबाला काय ठावं? हिकडं बघ." आणि कोळसा ओढणाऱ्या दोन गड्यांसमोर, काळ्या हातानं नसलेला पदर तोंडाशी नेऊन तुम्ही रडून दाखवलंत. आवाज न करता. नुसता पदर थरथरला, जो नव्हताच. एका गड्यानं फावडं खाली ठेवलं आणि डोळे पुसले. मला कळलं की माझे दहा आकडे याच्यापुढं काहीच नाहीत. तुम्हाला ती जागा कळली असती तर तुम्ही तीही माझ्यापेक्षा चांगली करून दाखवली असती, तिथंच, उभ्या उभ्या. चिठ्ठी माझ्या मुठीत होती, घामानं ओली झाली होती. ती मी पोलक्यात खोचली आणि म्हणाले, "येते हं अण्णा." घरी येऊन ती स्वयंपाकघरातल्या फळीवर, डब्यांखाली अंथरलेल्या कागदाच्या खाली सारून दिली. तुमचं हसं व्हावं असं माझ्या मनात नव्हतं. एक जागा तुम्हाला ठाऊक नसावी, एवढंच होतं.

भाजीच्या खोलीत तुम्ही मला पाठीशी घातलंत ते पोर विसरली असेल, घाबरली असेल, असं समजून. मी विसरले नव्हते, अण्णा. दिली नाही.

फोन वाजतोय. चिटणीसच असतील, दोन पानं झाली का विचारायला. मी त्यांना सांगणार आहे की हात दुखतो, लिहवत नाही, तुम्हीच काय ते घाला. हे कागद घडी करून फळीवरच्या वर्तमानपत्राखाली ठेवते, आणि मग उचलते.